आतला पत्ता बदलला तेव्हा

मित्रांनो, चिंचणीच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत, कारकून तेजलच्या टेबलावरच्या फळीवर मी बसलेलो असतो. मी एक जुना फायरवॉल आहे, म्हणजे कचेरीच्या इंटरनेटच्या दारातला राखणदार. वहीएवढा लोखंडी डबा, पुढे चार दिवे आणि मागे वायरींचा गुंता, एवढेच माझे रूप. बोईसरच्या एका कारखान्यात मी सहा वर्षे राबलो. तिथे नवा फायरवॉल आला आणि माझी रवानगी भंगारात होणार होती. पण संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या विपुलने मला उचलले, पुसले आणि इथे आणून बसवले. त्याने मला जीवदान दिले हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचे सांगताना मला जड जाते.

आधी माझे काम सांगतो. कचेरीतल्या प्रत्येक यंत्राला एक आतला पत्ता असतो. बाहेरच्या जगाला तो ठाऊक नसतो. तेजलचा संगणक, प्रिंटर, सगळ्यांचे फोन बाहेर जाताना एकच बाहेरचा पत्ता वापरतात. त्यांनी काही विचारले आणि उत्तर आले, की ते कोणाचे हे मला आठवते. पण बाहेरून कोणी आपणहून आले, तर ते कोणाकडे आले हे मी कसे ओळखणार? मी त्याला आत घेत नाही.

बोटींची माहिती ठेवणाऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, मात्र हे चालण्यासारखे नव्हते. सोसायटीच्या सव्वीस बोटींवर एकेक पेटी आहे. बोट कुठे आहे ते ती उपग्रहामार्फत दर दहा मिनिटांनी कळवते. तिच्यावर संकटाचे लाल बटणही आहे. हे निरोप न विचारता येतात. म्हणून त्या सर्व्हरसाठी वेगळा बाहेरचा पत्ता घेतला आणि विपुलने माझ्यात एक ओळ लिहिली: या पत्त्यावर येणारा पेट्यांचा निरोप आतल्या दहा नंबरच्या यंत्राला, म्हणजे त्या सर्व्हरला, द्यायचा, आणि दहा नंबरचे उत्तर तोच बाहेरचा पत्ता घालून पाठवायचे. दुसऱ्या पत्त्यावरून आलेले उत्तर पेटी मानतच नाही. उत्तर पोहोचले की पेटीवर हिरवा दिवा लागतो. बाहेरचा एक, आतला एक, अशी ही कायमची जोडी. जाणकार तिला स्टॅटिक नॅट म्हणतात.

तीन वर्षे मी ही जोडी जपली. माझ्याकडे कोणी वर मान करून पाहिले नाही, पण भिंतीवरच्या पडद्यावर बोटींचे ठिपके हलताना दिसले की खलाशांच्या बायका निर्धास्त घरी जात. मला तेवढे पुरे होते.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी जुना सर्व्हर बंद पडला. विपुलने नवा आणला, सगळी माहिती त्यात भरली, पडद्यावर नकाशा उघडून पाहिला आणि म्हणाला, "झालं काम." पण नव्या यंत्राने आपला आपण पत्ता घेतला होता, पंचवीस नंबर. माझ्यातली ओळ दहावरच राहिली. बाहेरून एकही निरोप पाठवून कोणी पाहिले नाही. रविवारी बोटी बंदरातच होत्या. कोणाला काही कळले नाही.

सोमवारी पहाटे बोटी गेल्या; घाईत पेटीवरचा दिवा कोणी पाहिला नाही. त्यांचे निरोप येऊ लागले आणि मी कासावीस झालो. "दहा नंबर कोण? दहा नंबर कोण?" मी आत विचारत राहिलो. ओ देणारे कोणीच नव्हते. निरोप हातात धरून ठेवता येत नाहीत. मी ते टाकून देत होतो आणि माझ्या नोंदीत लिहीत होतो: पोहोचला नाही. पंचवीस नंबर माझ्याच वायरीच्या टोकाला बसला होता. पण माझ्यातली ओळ मला बदलता येत नाही, मित्रांनो. आणि मला तोंड नाही.

अकरा चाळीसला पहिल्यांदा लाल बटणाचा निरोप आला. महादू तांडेलची बोट; तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या.

तोवर वारा उलटला होता. बऱ्याच बोटी माघारी आल्या होत्या. महादूची बायको वत्सला धावत कचेरीत आली.

"तेजल, आमची बोट कुटं दिसते गं?"

"बंदरातच आहे की, काकी. हा काय ठिपका."

"बंदरात नाय हाय! मी आत्ताच बगून आले."

तेजलने ठिपक्यांची तारीख पाहिली. पडद्यावरचे सगळे ठिपके शनिवारचे होते.

तिने विपुलला फोन लावला. तो म्हणाला, "फायरवॉल बंद करून चालू कर." तिने माझी वीज काढली. मी आंधळा झालो, पुन्हा जागा झालो, आणि पहिला निरोप आला तो महादूचाच. दहा नंबर कोण? कोणीच नाही. मग विपुलने सर्व्हर बंद करून चालू करायला लावला. तेही करून झाले. निरोप येतच होते. बचाव पथकाला कळवले, तेही ठिकाण विचारत होते. दारात दुसऱ्या बोटीचा अंकुश तांडेल भिजलेला उभा होता.

"बोट काडतो मी. पन कंच्या बाजूला जाऊ? दर्या काय लहान हाय?"

वत्सला नुसती पडद्याकडे बघत होती. तेजलने माझी नोंद उघडली. ओळीमागून ओळ, प्रत्येकीच्या शेवटी दहा नंबर. ती फोनवर ओरडली, "विपुलदादा, नव्या मशीनचा नंबर काय आहे?"

मग त्याचा घोगरा आवाज आला, "तेजल, तिथे दहाच्या जागी पंचवीस कर. लगेच कर."

एक वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. तिने आकडा बदलला. महादूचा पुढचा निरोप माझ्यातून सरळ आत गेला, पडद्यावर लाल ठिपका पेटला, आणि सर्व्हरचे उत्तर बाहेरचा पत्ता घालून मी धाडले. अंकुश ठिकाण घेऊन पळत सुटला.

तीन वाजता त्याला प्लास्टिकच्या डब्यांना धरून तरंगणारे तिघे खलाशी सापडले. बोट नव्हती. महादू नव्हता. तो तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

पंधरवड्याने वत्सला कचेरीत आली. सोबत वाचलेल्या तिघांतला बुधा होता, डोंगरातून हंगामापुरता बोटीवर येणारा खलाशी. तेजल होती, आणि कोपऱ्यात मान खाली घालून विपुल. बुधा म्हणाला, "वायरलेस पान्यात गेला व्हता. तांडेल बटन दाबीत व्हता. दिवा हिरवा झाला तवा हसला. बोलला, आयकलं रं त्यांनी. मंग डबं आमाला बांदलं. त्याच्यासाटी उरला नाय."

वत्सलाने तेजलला विचारले, "पयलं बटन कवा दाबलं त्यानी?"

तेजलला खोटे बोलता आले असते. ती खोटे बोलली नाही. "अकरा चाळीसला, काकी. बोट तेव्हा तरंगत होती."

"मंजे दोन तास तो बोलत व्हता, आन आमी नाय आयकला."

विपुल तिच्या पायाशी वाकला. तिने पाय मागे घेतले.

"पाया पडून काय व्हनार? आजपासून बोट सुटायच्या आदी प्रत्येक पेटीचं बटन दाबायचं, आन हिरवा दिवा बगितल्याबिगर कोनी खाडी सोडायची नाय. तू उबा ऱ्हायचास तितं. रोज."

तो रोज उभा राहतो. बोईसरहून पहाटे मोटारसायकलने येतो. वत्सला त्याच्याशी बोलत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे सांगितलेले विसरत नाहीत, आणि न सांगितलेले ओळखत नाहीत. तुम्ही कधी कोणाचा पत्ता बदललात, तर जो जुन्या पत्त्यावर विसंबून आहे त्याला आधी सांगा, आणि मग स्वतः बाहेर जाऊन एकदा हाक मारून पाहा. माझ्या नोंदीत त्या दोन तासांच्या ओळी अजून आहेत. तेजलने त्या पुसल्या नाहीत.