नारिंगी अक्षरं

"काका, याची वायर ओढू का?" कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलीनं टेबलाखालून विचारलं.

"हात लावू नकोस!" ते असे ओरडले की तिचं डोकं टेबलाला आपटलं.

वायरीवरूनच तर या घरात रामायण घडलं होतं. त्यांची हयात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करण्यात गेली. यंत्र बंद करायचं म्हणजे पिन उपटायची, एवढंच त्यांना ठाऊक. बायको घरी टायपिंगची कामं घ्यायची. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे दिवस सरले, चौकोनी खिडक्या आणि माऊस आला, तेव्हा तिनं हा कॉम्प्युटर घेतला. नवा असतानाच यांनी झाडू मारताना पिन उपटली आणि कुणाचा तरी अर्धा प्रबंध गेला.

तिनं अबोला धरला. अबोला सुटला तो हुकमानंच. "आजपासून रोज तुम्हीच बंद करायचा. नीट. अक्षरं येईपर्यंत हलायचं नाही."

तो कॉम्प्युटर आपला आपण बंद व्हायचा नाही. आतली आवराआवर करायचा, मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची: आता बंद करायला हरकत नाही. मगच बटण दाबायचं. ती स्वयंपाकघरातून विचारायची, "आलं का?" हे म्हणायचे, "आलं गं." की ती ताटं घ्यायची.

पुढे कॉम्प्युटरच्या नवनव्या आवृत्त्या आल्या. लेक मागे लागायची, आई, आता तरी बदल. "नवरा बदलला का मी? मग हे कशाला बदलू?"

आता आई नव्हती. लेकीनं नवा कॉम्प्युटर पाठवला होता, आणि आईची सगळी कामं त्यात उतरवून जुना घेऊन जायला ही मुलगी आली होती.

"बरं, नाही ओढत," ती डोकं चोळत म्हणाली. "नवा तरी बघून घ्या. हा असा बंद करायचा."

एक टिचकी. पडदा काळा.

"काही बोलला नाही तो?"

"आता नाही सांगत, काका. हे नवे आपोआप जातात."

बायकोही अशीच न सांगता गेली होती. हे कोपऱ्यावर औषध आणायला गेले, तेवढ्यात.

"जुना मी बंद करतो," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. जुनं यंत्र घरघरत आवरायला लागलं.

"किती वेळ लावतोय हा!"

"लावू दे की. घाई कसली आहे?"

मुलगी नव्याचं खोकं घडी करायला लागली. घरघर थांबली. अक्षरं आली. त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि मान जरा स्वयंपाकघराकडे वळवली.

"आलं गं."

"मला म्हणालात, काका?"

"नाही." त्यांनी बटण दाबलं. पडदा विझला. मग ते उठले, खुर्ची जागेवर सरकवली.

"आता ओढ वायर."