पांढऱ्या गाडीवरचं रक्त

गोत्रीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघ्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मोहनाची पांढरी गाडी, आणि तिच्या अंगभर वाळलेल्या रक्तासारखे तांबूस ठिपके. कितीही धुतले तरी ते जात नव्हते.

"बेन, हाथमां कोथळी पहेरो!" गाडीला लागलेली भुताची बाधा उतरवायला बोलावलेले महाराज गरजले. मोहनाने हातात प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवर फिरवली. एरवी हाताला न लागलेली खरखर आता स्पष्ट लागली. तिने चटकन हात मागे घेतला.

"दांत छे एना, दांत!" महाराजांनी अर्धा पुटपुटलेला, अर्धा गिळलेला मंत्र म्हटला, पाणी शिंपडलं आणि गिरनारच्या मातीचा गोळा फिरवला. तेवढ्या कोपऱ्यातले ठिपके गेले, गोळा काळा पडला. "पूजा पहेला काका उंबरो ओळंगशे तो खलास!"

पूजेआधी उंबरा ओलांडला, तर काकांचा जीव जाणार होता म्हणे. काका म्हणजे मोहनाचे सासरे सुभानराव. त्यांचं आज डायलिसिस होतं. मागचं याच भीतीपायी चुकलं होतं. चेहरा सुजलेला, धाप लागलेली, तरी ते तळमजल्याच्या दारातून हलेनात.

"सूनबाई, मरायचंच तर घरात मरेन."

तेवढ्यात नणंद मैत्रेयी आली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मोहनाने पाठवलेला फोटो पाहून तिने वाटेत मोटारींच्या दुकानातून क्लेचा, म्हणजे गाडीचा रंग साफ करायच्या चिकट मातीचा गोळा घेतला होता.

"वहिनी, दादा गाडी कुठे लावतो?"

"बाजव्याला, कामावर. रेल्वेच्या रुळांलगत."

मैत्रेयीने बादलीत शाम्पू कालवला आणि थेट महाराजांच्याच गाडीवर गोळा घासला. तोही काळा झाला.

"महाराज, हे कुणाचे दात?"

महाराज किल्ली शोधू लागले.

"चाकं रुळांवर घासतात, लोखंडाचे कण उडतात, रंगात रुततात आणि गंजतात. साबणाला दाद देत नाहीत, ही चिकट क्ले त्यांना उपटून काढते. महाराजांची गिरनारची माती म्हणजे हीच. पाणी फक्त निसरडं हवं, मंत्राचं नको. आणि पिशवी घातली की हात सहज सरकतो, म्हणून बारीक कणही कळतो."

सगळं पटलं, तरी मोहनाची भीती गेली नव्हती. तशीच ती गाडीत जाऊन बसली.

"बाबा, काही असलंच तर आधी मला धरेल. या."

सुभानरावांनी डोळे मिटून उंबरा ओलांडला.

डायलिसिसच्या डॉक्टरांनी त्यांचे पाय दाबून पाहिले आणि मोहनाला बाजूला घेतलं. "आजचंही चुकलं असतं, तर यांना वाचवणं कठीण होतं."

महाराजांनी ज्या मरणाची भीती घातली होती, ते उंबऱ्याआड बसूनच आलं असतं. भीती कुणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण भीतीपोटी उपचार थांबवू नका. आधी विचारा, तपासून पाहा.