अंगणाखालची तहान

आज सकाळी अंजनाबाईंनी अंगण झाडले, चहाचे आधण ठेवले आणि फ्रीज उघडताना दाराच्या मुठीला सवयीने पदर गुंडाळला. ओसरीवर हनुमंतरावांनी माझ्यावरची धूळ पुसून बटण फिरवले. माझ्या पोटातले काचेचे व्हॉल्व्ह तांबूस उजळले आणि पाठोपाठ तीच घूं घूं सुरू झाली.

मित्रांनो, मी व्हॉल्व्हवर चालणारा जुना ॲम्प्लिफायर. घडलो गिटारसाठी, पण आयुष्य गेले बेंजोच्या संगतीत. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतल्या कितीतरी वराती मी नाचवल्या. पुढे डीजे आले आणि मी ओसरीवर आलो. तरी हनुमंतराव रोज सकाळी बेंजोवर एक गत वाजवत. तेवढ्यावर आम्हा दोघांचा दिवस निघे.

दिवाळीनंतर ही गुणगुण जडली आणि उन्हाळा चढला तशी वाढत गेली. घशात काटा अडकावा, तसा मी बेचैन असे. हनुमंतरावांनी व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर बदलले, वायरही बदलली. गुण आला नाही. अखेर थकून त्यांनी पानशेतच्या हॉटेलवाल्या मानसिंगांना मला द्यायचा होकार कळवला. मानसिंगांना मी हॉटेलात शोभेला हवा होतो, वाजवायला नव्हे. आज दुपारी टेम्पो येणार होता.

शेवटची गत म्हणून हनुमंतरावांनी मला जोडलेला बेंजो मांडीवर घेतला. बोटे तारांवर टेकताच गुणगुण दबली; उचलताच उसळली. त्यांनी पुन्हा टेकवून पाहिले आणि हात झटकला. बोटांना झिणझिण्या आल्या होत्या.

चहा घेऊन आलेल्या अंजनाबाई म्हणाल्या, "फ्रीज बी असाच झोंबतोय. कवाधरनं सांगतीय, पर तुमचा कान ह्या डब्यात."

"कवापासनं?"

"अंगण केल्यापासनं."

दोघांचीही नजर अंगणाकडे वळली. भिंतीवरून उतरलेली हिरवी वायर कोपऱ्यातल्या लाल-पिवळ्या ब्लॉकखाली शिरत होती. तिथे अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा होता. उन्हाळ्यात अंजनाबाई त्यात बादलीभर पाणी ओतत. दिवाळीत अंगणाला ब्लॉक बसले, खड्डा झाकला गेला आणि माती सुकली. चुकार विजेला जमिनीत उतरायची वाटच उरली नाही.

पण बिनचिखलाच्या अंगणासाठी अंजनाबाईंनी संसारभर वाट पाहिली होती. हनुमंतराव हलकेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. टेम्पो येतुयाच."

"मग फ्रीज बी धाडता का हाटेलात?"

कपबशी खाली ठेवून त्या आत गेल्या आणि पहार घेऊन आल्या. हनुमंतरावांनी मेन स्विच बंद केला. चार ब्लॉक निघाले. खाली माती भाजलेल्या विटेसारखी कोरडी होती. हनुमंतरावांनी गंजलेला जोड घासून आवळला. अंजनाबाईंनी मिठाचे पाणी ओतले. मातीने ते घटाघट पिऊन टाकले.

मेन स्विच चालू झाला, पुन्हा बटण फिरले. व्हॉल्व्ह उजळले. कितीतरी दिवसांनी मला माझी शांतता ऐकू आली.

मित्रांनो, जुनी वस्तू कुरकुरते ती नेहमीच म्हातारपणाने नव्हे. तिला टाकण्याआधी ती जिथे उभी आहे तिथली मातीही एकदा चाचपून पाहा.

हनुमंतरावांनी मानसिंगांना फोन करून टेम्पो नको म्हणून सांगितले. अंजनाबाईंनी ते चार ब्लॉक माठाखाली रचले आणि बादलीतले उरलेले पाणी खड्ड्यात ओतले.