आडभिंतीमागची चूल

टेकाडावर खणताना सापडलेल्या सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी होती. चूल दाराजवळ नाही, पार आतल्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या आडभिंतीच्या मागे. हजारो वर्षांपूर्वीच्या बायकांनी असं धुरात बसून का रांधलं असेल, यावर उत्खननाच्या तंबूत रोज वाद व्हायचे. वाद घालणाऱ्यांपैकी एकीला शेवटी त्याचा कंटाळा आला. टेकाडाखालच्या वस्तीत कुंभाराचं घर अगदी त्याच आखणीचं होतं. पडक्या घरांना विचारून उत्तर मिळत नाही, तर नांदत्या घरात राहून बघू, असं म्हणून ती बाडबिस्तरा घेऊन तिथे गेली आणि वर्षभर राहिली.

कुंभार अबोल होता. त्याची आई दिवसभर आडभिंतीला टेकून बसे आणि सुनेवर नजर ठेवी. सून मात्र बोलकी. सुरुवातीला तिने पाहुणीला अहोजाहो केलं, मग दोघी एकमेकींना ताई-वहिनी म्हणू लागल्या. राख कुठे सांडते, काजळी कुठवर चढते, कोण कुठे बसतं, हे सगळं ताई टिपून ठेवायची. वहिनी हसायची, खोकायची, पुन्हा हसायची. चूल इथेच का, असं विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, धुराने वाशांना कीड लागत नाही. वहिनी नंतर हळूच म्हणाली, "खरं सांगू? सासूबाईंच्या सासूने तिथे मांडली होती. ती हलवायची कुणाची टाप होती?"

वहिनी मात्र ती हलवणार होती. मागच्या भिंतीला खिडकी पाडायची, आडभिंत काढायची, जमलं तर गॅस घ्यायचा. नवऱ्यालाही तिने राजी करून ठेवलं होतं. ताई म्हणाली, माझं काम होईस्तोवर थांब. वहिनी थांबली.

ताईचा प्रबंध गाजला. मग पुरातत्त्व खात्याची माणसं वस्तीत आली आणि घर संरक्षित झालं. दारावर निळी पाटी लागली. भिंतीला हात लावायचा नाही आणि स्वयंपाक त्याच चुलीवर करायचा, कारण खात्याच्या लेखी ते घर म्हणजे जिवंत नमुना होतं. विकून दुसरीकडे जावं, तर असलं घर घेणार कोण?

ताई खात्यात धावली. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि प्रबंधातलं खूण केलेलं पान उघडलं.

"'या घरात एक खिडकी जरी पाडली, तरी पुरावा कायमचा पुसला जाईल.' तुमचंच वाक्य आहे ना?"

"ते माझ्या अभ्यासापुरतं होतं."

"मॅडम, आम्ही अभ्यासकांचंच तर ऐकतो."

वर त्यांनी तिला देखरेख समितीवर घेतलं. आत राहून काही करता येईल, अशा आशेने तिने होकार दिला. प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी तेच वाक्य वाचून दाखवी आणि विषय मिटे.

पुढे पाहणीसाठी ती वस्तीत गेली तेव्हा वहिनी सुकून अर्धी झाली होती. "डॉक्टर म्हणतो, धुरातून उठ," ती म्हणाली. "उठून जाऊ कुठे?" मग माती खणायची पहार तिने कोपऱ्यातून उचलली आणि मागच्या भिंतीवर घातली. समितीतली म्हणून तिने वहिनीला अडवायला हवं होतं. ताई नुसती उभी राहिली. चारदोन घावांत वहिनीला धाप लागली, तेव्हा पहार ताईने घेतली.

दुपारपर्यंत डोकं बाहेर काढता येईल एवढं भगदाड पडलं. धूर त्यातून सरळ बाहेर निघाला. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि आपलं बसकूर ओढून भगदाडासमोर वाऱ्याला बसल्या.

खटल्याची नोटीस कुंभाराच्या नावाने आली. भिंत मी पाडली, असं ताईने समितीपुढे सांगितलं. कुंभार खटल्यातून सुटला. ताईला समितीतून काढलं, टेकाडावरचं काम काढून घेतलं आणि त्या घरात पाऊल टाकायला मनाई केली. भगदाड मात्र त्याच जातीच्या मातीने बुजवून पूर्ववत करायचं, असा हुकूम निघाला.

गवंडी आला त्या दिवशी ताई मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. भगदाडात वहिनीचा चेहरा दिसला.

"जेवून जा म्हटलं असतं," वहिनी म्हणाली, "पण तुला आत सोडणार नाहीत."

"मी परत अर्ज करते."

"कर."

ती रागावलेली नव्हती. ताईला ते अधिक लागलं. चुलीवर काहीतरी उतू गेलं, तशी वहिनी वळली. गवंड्याने खालून मातीच्या विटा रचायला घेतल्या. आतला खोकला आधी स्पष्ट ऐकू येत होता, मग दुसऱ्याच घरातून आल्यासारखा वाटू लागला. शेवटची वीट बसवून गवंड्याने ओल्या मातीवरून सपाट हात फिरवला आणि वाळेपर्यंत भिंतीला हात लावू नका, असं ताईला बजावलं.