आधी माझी वायर काढून बघा

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. गाणाऱ्याच्या तोंडापुढे मिरवणाऱ्यांपैकी मात्र मी नाही, माझी जात मोजणाऱ्यांची. वीतभर लांब, बोटाएवढी जाड नळी आणि टोकाला वाटाण्याएवढी जाळी, एवढेच माझे रूप. स्वभावाने मी संशयी आहे आणि ते मी लपवत नाही.

ही खोड मला कारखान्यातच लागली. तिथे मला जाड भिंतींच्या एका मुक्या खोलीत टांगले, एकेक सूर ऐकवला आणि मी खरे सांगतो की नाही हे दुसऱ्या, माझ्याहून जुन्या माईकला विचारले. जन्मल्या दिवशीच ज्याची साक्ष तपासली जाते, तो जगावर काय विश्वास ठेवणार?

मला विकत घेतले ते आवाज मोजणाऱ्या एका गृहस्थांनी. लोक त्यांना 'कानवाले' म्हणत. कुणाचा पंखा घरघरतो, कुणाची लिफ्ट कुरकुरते, कुणाच्या सभागृहात बोललेले घुमते, अशा तक्रारी त्यांच्याकडे येत. मी ऐकायचो आणि वायरीतून लॅपटॉपला सांगायचो. लॅपटॉपमधले स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नावाचे सॉफ्टवेअर त्या आवाजाची फोड करून चित्र काढायचे. पडद्यावर डावीकडे जाडेभरडे आवाज, उजवीकडे बारीक. ज्याचा जोर जास्त, त्याचा डोंगर उंच.

कानवाल्यांची एक रीत मला फार आवडे. प्रत्येक मोजणीआधी ते माझी वायर काढून ठेवत आणि रिकामा पडदा पाहत. तो सपाट दिसला, तरच मला पुन्हा जोडत. "माईक ऐकत नसताना जे दिसतं, ते आपल्याच घरचं," असे ते म्हणत. या जगात मी डोळे मिटून मान्य केलेली ही एकच गोष्ट.

त्या काळात माझी कामे चोख होत. एका सभागृहाचा घुमारा आम्ही घालवला तेव्हा आमचा फोटोही निघाला. त्यात कानवाले होते, लॅपटॉप होता, मी मात्र कडेला कापला गेलो. मला वाईट वाटले. मुद्दामच कापले असावे, असा माझा अजून संशय आहे.

पुढे लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली. चार्जर लावल्यावाचून तो चालेना. कानवालेही थकले होते. सारखी काढघाल करून वायरीचे टोक झिजते, असे म्हणत त्यांनी ती जुनी रीत सोडून दिली. तो चार्जर काळा, गरम आणि घुम्या होता. पहिल्या दिवसापासून मला तो पटला नाही, पण मला विचारतो कोण?

अशात एका इमारतीच्या समितीने आम्हाला बोलावले. तिथे तळमजल्यावर एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन जावा राहत होत्या. थोरलीने तीस वर्षे टेलिफोन कार्यालयात कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून दिले होते. धाकटीचे पुढच्या खोलीत फुलांचे दुकान होते आणि फुले टिकावीत म्हणून एक थंड कपाट मधल्या भिंतीला लावलेले होते. कपाट थंड, आणि दोघींचे बोलणे त्याहून थंड. तीन महिने थोरलीला दिवसभर घरघर ऐकू येत होती. धाकटीने आपल्याला छळायलाच कपाट तिथे सरकवले, अशी तिची खात्री होती.

भर दुपारी थोरलीच्या खोलीतला पंखा बंद झाला, भिंतीवरचे घड्याळ काढले गेले आणि मला भिंतीपासून हातभर अंतरावर उभे केले. पडद्यावर डावीकडे, सेकंदाला पन्नास कंपनांच्या आकड्यावर एक डोंगर उठला आणि शंभरवर दुसरा. मोटारीची घरघर अशीच दिसते, असे कानवाले म्हणाले. थोरलीने समितीच्या अध्यक्षांकडे पाहून मान डोलावली.

मी चक्रावलो. मी ऐकला होता थोरलीचा श्वास, नळातले पाणी आणि भिंतीपलीकडची अगदी हलकी कुजबुज. एवढे डोंगर मी सांगितलेच नव्हते. मी थोरलीवर संशय घेतला, धाकटीवर घेतला, माझ्या जाळीवर धूळ बसली असेल असाही घेतला. चार्जरवरचा संशय तर पहिलाच होता, पण तो सांगायला मला तोंड नव्हते.

त्या चित्राचा कागद निघाला आणि समितीने आठ दिवसांत कपाट हलवायला सांगितले. धाकटीला दुसरी खोली नव्हती. कपाटावाचून फुले दुपारीच माना टाकतात, म्हणजे दुकानच संपले. तिच्या पोटापाण्याला दुसरे काही नव्हते.

सातव्या दिवशी ती कानवाल्यांच्या दारात उभी राहिली. ती रडली नाही, भांडली नाही. माझ्यासमोर पुन्हा मोजा, एवढेच म्हणाली. त्याच दुपारी सगळे थोरलीच्या खोलीत जमले. पुन्हा तेच डोंगर उठले. थोरली म्हणाली, "बघा. आता तरी पटलं ना?"

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. मग तिने कानवाल्यांना विचारले, "भाऊ, सुटी फुलं तोलायच्या आधी मी रिकामं पारडं बघते. तुम्ही तुमचं बघितलं होतं का?"

कानवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून माझी वायर काढली आणि मला गादीवर ठेवले. डोंगर जसेच्या तसे उभे. मी मुका पडलो होतो आणि पडद्यावर माझ्या नावाने बोंब चालली होती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

त्यांनी चार्जर ओढून काढला. दोन्ही डोंगर जमीनदोस्त झाले; घरच्या विजेची गुणगुण चार्जरमधून थेट लॅपटॉपात शिरत होती. बॅटरी जेमतेम चार मिनिटे टिकणारी. घाईने त्यांनी मला जोडले. पलीकडे कपाट चालूच होते, आणि त्याचा पडद्यावर दिसला तो मुंगीच्या वारुळाएवढा उंचवटा. "चूक माझी आहे. तो कागद मी मागे घेतो," असे ते अध्यक्षांना म्हणाले.

थोरली अजून पडद्याकडेच पाहत होती. "पण मला आत्ताही ऐकू येतंय," ती म्हणाली.

कोणत्या कानात, असे कानवाल्यांनी हळूच विचारले. तिचा हात डाव्या कानाकडे गेला. तीस वर्षे यंत्र त्याच कानाला होते.

"म्हणजे तो आवाज माझ्यातच आहे?"

मित्रांनो, त्या क्षणी माझा संशय गळून पडला. तिला ऐकू येत होते हे खरे, आणि खोलीत तो आवाज नव्हता हेही खरे. धाकटीला आता तिथे थांबायचे काही कारण नव्हते. तरी ती पलंगाच्या कडेला बसली.

"जाऊबाई, उद्यापासून दुपारी दुकानात येऊन बसा," ती म्हणाली. "कपाटापाशी खुर्ची टाकते. त्याच्या घरघरीत तुमच्या कानातला आवाज बुडून जाईल."

तेवढ्यात बॅटरी संपली आणि मला गुंडाळून ठेवले. पुढचे मला कळले ते कानवाल्यांच्या बोलण्यातून. कानाच्या डॉक्टरांनीही थोरलीला शांत खोलीत एकटे बसू नका, असेच सांगितले. आता ती त्याच कपाटाला पाठ टेकून देठांची पाने खुडते. आवाज बुडतो की एकटेपण, हे मोजायला मला कुणी नेले नाही. मला संशय आहे, पण तो मी माझ्यापाशीच ठेवतो.

हल्ली मी खणात असतो. कानवाल्यांची मुलगी नवा माईक वापरते. मोजणीआधी ती त्याची वायर काढते की नाही, हे मी खणाच्या फटीतून कान देऊन ऐकतो. आजवर तरी ती चुकलेली नाही.

मित्रांनो, तुमचे कान जपा, ते खणात ठेवून दुसरे आणता येत नाहीत. आणि संशय जरूर घ्या, मी काही तुम्हाला भोळे व्हा म्हणणार नाही. फक्त शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवण्याआधी एकदा माझी वायर काढून बघा.