चष्म्याच्या डबीतली बिस्किटं

घड्याळजींच्या तळपायात त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातलाच एक स्क्रू घुसला, जखम चिघळली आणि रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली, म्हणून त्यांना वॉर्डात ठेवलं. साखर आटोक्यात आली नाही तर पायच काय, जीव वाचवणंही अवघड, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोला बजावलं. तिनं मान डोलावली. मान डोलावण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं.

तिच्या चष्म्याच्या डबीत क्रीमची बिस्किटं होती. चष्मा पदराला बांधलेला असे.

"गोड बोलणं तर तू लग्नानंतर लगेच बंद केलंस," घड्याळजी म्हणायचे, "निदान गोड खायला तरी दे."

ती हसायची आणि द्यायची. दुपारच्या जेवणावर चार बिस्किटं, अधेमधे कँटीनचा गोड चहा. आजारी माणसाचं रुसणं तिला बघवत नसे.

इकडे सिस्टर बोट टोचून आकडा लिहायची आणि डॉक्टर इन्सुलिन वाढवायचे. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर पलंगाशी थांबले.

"एवढ्या डोसला साखर जुमानत कशी नाही? बाहेरचं काही देत नाही ना, काकू?"

"छे हो."

त्यांनी डोस आणखी चढवला.

डॉक्टर गेल्यावर तिनं कानाला खडा लावला आणि डबी कचऱ्यात झटकली. सिस्टरला सांगावं असं एकदा ओठांवर आलं होतं. पण आजपासून बंद म्हटलं, की कालपर्यंतचंही निघालं असतं. आता देतच नाही, तर सांगायचं काय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. तिला बरंसुद्धा वाटलं.

दुपारी इंजेक्शन झालं. डबी रिकामी बघून घड्याळजींनी अर्धं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"खाणं नेहमीसारखंच ना?" सिस्टरनं जाता जाता विचारलं.

"नेहमीसारखंच," बायको म्हणाली.

तासाभरानं ते तिच्यावर उगाच खेकसले. राग बिस्किटांचाच, तिला वाटलं. मग ते सदऱ्याचं बटण लावू लागले आणि ते काही त्यांना लागेना. केसाएवढा स्क्रू चिमट्यानं उचलणारी ती बोटं बटणावरून घसरत होती. शेवटी तिनंच ते लावून दिलं. मग ते आडवे झाले, डोळे मिटले आणि तिचा जीव भांड्यात पडला. चार दिवसांत पहिल्यांदा माणूस शांत झोपला होता. त्यांची झोप मोडू नये म्हणून तिनं खिडकी लोटून घेतली.

उशी सारखी करायला गेली, तर उशी ओली. कपाळ गार. "अहो," ती म्हणाली. मग खांदा धरून हलवलं. मग घंटा दाबली, ती दाबूनच ठेवली.

सिस्टरनं बोट टोचलं. साखर अवघी अठ्ठावीस. तिनं ग्लुकोजची सिरिंज भरली आणि शिरेत सोडता सोडता, वर न बघता विचारलं, "काकू, रोज काय द्यायचात?"

बायकोनं डबी उघडून पुढे केली. अस्तरात चुरा अडकला होता.

"तुम्ही देत होतात, त्यावर आम्ही डोस वाढवत गेलो," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "चोरून दिलंत ते निस्तरलं असतं, काकू. चोरून बंद केलंत, ते आम्हाला कसं कळावं?"

तिनं दुसरी सिरिंज भरली. घड्याळजींचे डोळे अजून मिटलेलेच होते.