मास्तरांचा गुडघा आणि साडूंच्या सुया

मास्तरांना गुडघ्याच्या ऑपरेशनमधल्या एकाच गोष्टीचं कौतुक होतं, ते म्हणजे टाक्याचं. सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी झिजलेला सांधा काढून नवा बसवला, तेव्हापासून येईल त्याला ते पायजमा वर करून व्रण दाखवत. चाळीस वर्षं कोट शिवलेला माणूस. टाका सरळ पडला म्हणजे काम पक्कं, अशी त्यांची ठाम समजूत.

पण गुडघा वाकायचं नाव घेईना. शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की पोटरी ताठ व्हायची. मशीन सुटलं तर आपण उरलो कशाला, या विचारानं मास्तरांचा जीव कासावीस होई.

अशात साडू सुयांची डबी घेऊन आले. सुया टोचून आखडलेले स्नायू सैल करायचा कोर्स त्यांनी नुकताच केला होता आणि हात नुसते शिवशिवत होते.

"गुडघ्याभोवती चार सुया, मास्तर. बघाच तुम्ही!"

"टोचा की. सुईला मी घाबरतो होय?" मास्तरांनी पाय पुढे केला.

"थांबा," बायको आतून म्हणाली. "आधी दवाखान्यातल्या, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना विचारते." आणि तिनं स्पीकरवर फोन लावलासुद्धा.

"एकही सुई नको!" बाई कडाडल्या. "सुईबरोबर जंतू आत गेले आणि नव्या सांध्यावर ठाण मांडून बसले, तर औषधानं हटतीलच असं नाही. कधीकधी सांधाच पुन्हा काढावा लागतो."

"पण बाई, टाका बघा ना, कसा बेमालूम बसलाय!"

"तो कातड्याचा, मास्तर. आतलं भरायला महिने लागतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या पायाला सुई लावायची नाही."

साडूंचं तोंड एवढंसं झालं. "हे मला शिकवलं होतं हो," ते म्हणाले. "तुम्ही पाय पुढे केलात आणि मी हुरळून विसरलो."

मास्तरांना राग यायला हवा होता, पण आली ती माया. "आलाच आहात तर टाच धरा. बाईंनी सांगितलेला व्यायाम राहिलाय."

साडू रोज येऊ लागले. मास्तर कण्हत, मोजताना लबाडी करत, साडू दामटून पुन्हा मोजायला लावत. या व्यायामाच्या चौथ्या आठवड्यात पायडल खाली गेलं, वर आलं, आणि चाक गरगर फिरलं. साडूंनी डोळे पुसले.

"रडताय काय? शर्ट काढा," मास्तर म्हणाले. "काखेत उसवलाय. टाच धरायला वाकता तेव्हा रोज दिसतंय मला."